व्हीए हॉस्पिटलच्या पानावरचे ते पाच फोटो: कोणाच्या हातात काय असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेसिडेन्सी संपत आलेले एक मराठी डॉक्टर, जे-१ व्हिसावर, मिडवेस्टमधल्या एका व्हीए (व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे माजी सैनिकांचं खातं) हॉस्पिटलात हॉस्पिटलिस्टची, म्हणजे भरती झालेले पेशंट बघणाऱ्या डॉक्टरची, ऑफर आहे. हॉस्पिटलच्या पानावर सीनियर लीडरशिप टीम म्हणून पाच जणांचे फोटो, त्यातले डायरेक्टर आणि असोसिएट डायरेक्टर दोघेही ‘ॲक्टिंग’, म्हणजे तात्पुरते. ही माणसं नेमकं करतात काय, खरा निर्णय कोण घेतं, आणि दोन ॲक्टिंग बघून ऑफर सोडून द्यावी का, असं विचारलंय.

मी व्हीएमध्ये बरीच वर्षं इंटर्नल मेडिसिन करतोय, मधे काही काळ सेक्शन चीफ होतो म्हणून वरच्या मजल्यावरच्या मीटिंगांना बसावं लागलं. तेव्हा जे दिसलं ते सांगतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोंधळ काढून टाकू, कारण आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाचा तो होतो. आपल्याकडे सैनिकांचं हॉस्पिटल म्हटलं की पुण्याचं कमांड हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं, वर्दीतले डॉक्टर, वर वर्दीतलाच कमांडंट. आणि निवृत्त झालेल्यांसाठी २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून रेफर होऊन लष्करी किंवा पॅनेलवरच्या खाजगी हॉस्पिटलात. व्हीए यातलं काहीच नाही. इथे सेवेत असलेल्या सैनिकांची हॉस्पिटलं संरक्षण खात्याची, वॉल्टर रीडसारखी, आणि सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी व्हेटरन्स अफेअर्स हे पूर्ण वेगळं नागरी खातं, १९३० ला स्थापन झालेलं, १९८९ पासून कॅबिनेट दर्जाचं. सुमारे १७० मेडिकल सेंटर्स, नोंदलेले व्हेटरन ९० लाखांच्या वर. कोणी वर्दीत नसतं, कोणी सॅल्यूट मारत नाही, आणि डायरेक्टर बहुतेक वेळा डॉक्टरही नसतो. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन शिकलेला, व्हीएतच ट्रेनी म्हणून लागून चढत गेलेला माणूस असतो, कधी स्वतः व्हेटरन असतो कधी नसतो.

आता पाच खुर्च्या. डायरेक्टर, चीफ ऑफ स्टाफ, नर्स एक्झिक्युटिव्ह (पाटीवर लांबलचक असोसिएट डायरेक्टर फॉर पेशंट केअर सर्व्हिसेस असं लिहिलेलं असतं), असोसिएट डायरेक्टर आणि असिस्टंट डायरेक्टर. आतली माणसं याला पेंटॅड म्हणतात. लहान हॉस्पिटलात असिस्टंट नसतो, मग क्वाड. कोणी ‘पेंटॅडला विचारावं लागेल’ म्हणालं तर समजायचं की आता आठवडाभर उत्तर येत नाही.

डायरेक्टरबद्दल लोकांचा समज असतो की तो राजा. तसं अजिबात नाहीये. त्याच्या हातात काय नाही ते आधी ऐका. एचआर नाही. पूर्वी प्रत्येक हॉस्पिटलचं आपलं एचआर होतं, चार जिने उतरून जाऊन बसता यायचं, काही वर्षांपूर्वी ते सगळं उचलून प्रादेशिक पातळीवर नेलं, आता तुमची फाइल जिच्याकडे आहे ती बाई दुसऱ्या राज्यात बसलेली असते आणि डायरेक्टरलाही तिला ईमेलच करावी लागते. आयटी नाही, ते थेट वॉशिंग्टनच्या अखत्यारीत, वॉर्डमधला प्रिंटर बंद पडला तरी तिकीट टाका. डिसॅबिलिटीचे क्लेम आणि पेन्शन नाही, ती बेनिफिट्सवाली वेगळी शाखा, तरी टाउन हॉलमध्ये निम्मे व्हेटरन उठून डायरेक्टरवर त्याचसाठी ओरडतात, आणि तो बिचारा दर वेळी शांतपणे सांगतो की ते माझ्याकडे येत नाही, आणि कोणीही विश्वास ठेवत नाही.

पैशाचंही तेच. काँग्रेस व्हीएच्या आरोग्यसेवेला वेगवेगळ्या खात्यांत पैसे देते, मेडिकल सर्व्हिसेसचे वेगळे, इमारती नि देखभालीचे वेगळे, बाहेरच्या खाजगी डॉक्टरांकडे पाठवायचे म्हणजे कम्युनिटी केअरचे वेगळे. छपराचे पैसे उरलेत म्हणून नर्स घेतली असं करता येत नाही. त्यामुळे छप्पर नवं कोरं आहे पण खाली वॉर्डला नर्स पुरेशा नाहीत, अशी दृश्यं दिसतात आणि लोक म्हणतात काय हा कारभार. कारभार वाईट असेलही, पण त्या एका गोष्टीत डायरेक्टरचे हात खरंच बांधलेले असतात.

त्याच्यावर परत व्हिझन. हे प्रादेशिक नेटवर्क, १९९५ मध्ये डॉ. केनेथ कायझर यांनी व्हीएची फेररचना केली तेव्हा देशाचे असे २२ तुकडे पाडले, नंतर काही एकत्र करून १८ केले. हॉस्पिटलचा डायरेक्टर व्हिझनच्या डायरेक्टरला उत्तर देतो, तो वॉशिंग्टनला. शिवाय स्थानिक काँग्रेसमनचं ऑफिस, तिथून पत्र आलं की अमुक व्हेटरनला श्रवणयंत्र का मिळालं नाही, त्याचं उत्तर ठरलेल्या मुदतीत जायलाच हवं. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या व्हेटरनांच्या संघटना नियमित भेटायला येतात आणि त्यांना टाळता येत नाही, डीएव्हीचे स्वयंसेवक तर स्वतः व्हॅन चालवून पेशंट आणतात, ज्या माणसाने सकाळी पाच वाजता उठून तुमचा पेशंट ७० मैल आणलाय त्याला थांबा म्हणायची हिंमत कोणात आहे.

मग डायरेक्टर करतो काय? माझ्या मते एकच मोठी गोष्ट: बाकीच्या चौघांनी एकमेकांवर ढकलाढकली करायची की नाही, हे त्याच्या वागण्यावरून ठरतं. हे जरा हवेतलं वाटेल म्हणून एक प्रसंग सांगतो.

आमच्याकडे सकाळी हडल, म्हणजे झटपट छोटी मीटिंग, असते, खालून वर अशा पायऱ्यांनी, वॉर्डची आधी, मग सर्व्हिसची, मग पेंटॅडची. साडेआठच्या वरच्या हडलला स्टराइल प्रोसेसिंगची, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची, सुपरवायझर उभी राहिली आणि म्हणाली, रात्रीच्या लोडमधले तीन ट्रे ओले निघालेत, मी बाकीचेही अडवून ठेवलेत. ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या ट्रेच्या आत पाणी दिसलं की तो ट्रे दूषितच धरायचा, त्यात मखलाशी नाही. म्हणजे त्या दिवसाची गुडघ्याची नि खांद्याची ऑपरेशनं गेली, आणि पहिला पेशंट दोन-अडीच तास गाडी चालवून उपाशी येऊन प्री-ऑपमध्ये गाऊन घालून बसलेला.

आता बघा यात कोणकोण आलं. स्टराइल प्रोसेसिंग आमच्याकडे नर्स एक्झिक्युटिव्हखाली. वाफ येते बॉयलर प्लांटमधून, तो इंजिनियरिंगचा, म्हणजे असोसिएट डायरेक्टरचा, आणि वाफेत पाण्याचा अंश जास्त झाला की ट्रे ओले निघतात. सर्जन चीफ ऑफ स्टाफचे, आणि ते आधीच कॉरिडॉरमध्ये आवाज चढवत होते. वाईट टीम असती तर पहिला अर्धा तास ट्रे कोणी नीट रचले नव्हते यावर गेला असता. तसं झालं नाही. आमची डायरेक्टर त्या सुपरवायझरला पहिलं वाक्य काय म्हणाली तर ‘अडवून ठेवलेत ते बरं केलंत’. मग असोसिएट डायरेक्टरकडे वळून विचारलं, बॉयलरवाला किती वेळात येतोय. चीफ ऑफ स्टाफ स्वतः प्री-ऑपमध्ये जाऊन त्या पेशंटशी बोलला, सर्जनला पुढे न करता. दोन केसेससाठी शेजारच्या हॉस्पिटलातून सेट मागवले, बाकी पुढे ढकलल्या, आणि दुपारच्या आत व्हिझनला इश्यू ब्रीफ गेला, म्हणजे आमच्याकडे असं असं झालंय हा कागद. हा इश्यू ब्रीफ वेळेत जातो का दाबून ठेवला जातो यावर मी टीम ओळखतो.

कारण व्हीएमध्ये जेवढे मोठे घोटाळे झाले ना, ते बहुतेक वाईट बातमी जिन्यात अडकल्यामुळे झाले. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या व्हीए हॉस्पिटलचं २०१४ चं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २०११ च्या सुमाराला वरून टार्गेट आलं की अपॉइंटमेंट १४ दिवसांच्या आत मिळाली पाहिजे, आणि ते टार्गेट अधिकाऱ्यांच्या परफॉर्मन्सला जोडलं. डॉक्टर पुरेसे नव्हतेच, मग १४ दिवस आणायचे कुठून? कागदावर आणले. डॉ. सॅम फूट म्हणून तिथलेच निवृत्त झालेले डॉक्टर, ते बोलले तेव्हा देशाला कळलं. इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे खात्याच्या स्वतंत्र तपास यंत्रणेने, मे २०१४ मध्ये जो अंतरिम अहवाल दिला त्यात १,७०० व्हेटरन असे सापडले की जे थांबले होते पण अधिकृत यादीत नव्हतेच, आणि तपासलेल्या नमुन्यात पहिल्या प्रायमरी केअर अपॉइंटमेंटला सरासरी ११५ दिवस लागले होते, हॉस्पिटलने कळवलेला आकडा होता २४. दोन दिवसांत खात्याचे सेक्रेटरी (म्हणजे मंत्री), निवृत्त जनरल शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. डॅशबोर्ड सगळा हिरवा होता हो, हेच तर. तेव्हापासून सगळं हिरवं दाखवणारा डायरेक्टर दिसला की मी सावध होतो.

दुसरं वॉशिंग्टनचं, आणि हे मला जास्त शिकवणारं वाटतं कारण यात नाट्य काही नाही, नुसतं सामान. एप्रिल २०१७ मध्ये इन्स्पेक्टर जनरलने तपास पूर्ण व्हायच्या आधीच अंतरिम अहवाल काढला, इतकी त्यांना काळजी वाटली. राजधानीतलं व्हीए हॉस्पिटल, आणि तिथे डायलिसिसच्या ब्लडलाइन (मशीनला रक्त नेणाऱ्या नळ्या) संपल्या म्हणून जवळच्या खाजगी हॉस्पिटलातून उसन्या आणल्या होत्या. २५ पैकी १८ निर्जंतुक साठवणीच्या जागा अस्वच्छ. डायरेक्टरला त्याच दिवशी हटवलं. सामानसुमान आणि गोदाम हे असोसिएट डायरेक्टरचं खातं, लीडरशिपच्या पानावरचा सगळ्यात दुर्लक्षित फोटो तोच. आपण डॉक्टर लोक त्याचं नाव लक्षात ठेवत नाही, वॉर्डमध्ये कॅथेटर संपला की मगच तो आठवतो. स्वच्छता, जेवण, इंजिनियरिंग, बजेट, सगळं तिकडे. तुमच्याकडे हा ॲक्टिंग आहे त्याबद्दल पुढे बोलतो.

तिसरं क्लार्क्सबर्ग, वेस्ट व्हर्जिनिया. हे वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. रात्रपाळीची एक नर्सिंग असिस्टंट, तिला औषध द्यायचा अधिकारच नव्हता, तिने २०१७-१८ मध्ये वॉर्डमधल्या वृद्ध व्हेटरनांना इन्सुलिन टोचलं. एकापाठोपाठ एकेकाची साखर रात्री कारण नसताना खाली जायची, त्यातले काही तर डायबेटिक नव्हतेच. डॉक्टरांची शंका वरपर्यंत पोचली जून २०१८ मध्ये, तोवर बरेच जीव गेले होते. २०२१ च्या मेमध्ये तिला सात जन्मठेपा झाल्या, आणि त्याच दिवशी इन्स्पेक्टर जनरलचा अहवाल आला, तो मुळीच फक्त त्या बाईबद्दल नाही. नोकरीवर घेताना पार्श्वभूमी नीट तपासली नाही, इन्सुलिन कुलपात नव्हतं, साखर अकारण खाली का जाते याचा वर्कअप, म्हणजे तपासण्या, झाला नाही, घटना सुरक्षा यंत्रणेत नोंदवल्याच गेल्या नाहीत. यातली एकेक गोष्ट पाहा, कुलूप फार्मसीचं नि नर्सिंगचं, वर्कअप डॉक्टरांचा, नोंद सगळ्यांची. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, तुकडे जोडणारं कोणी नव्हतं. तुम्ही हॉस्पिटलिस्ट म्हणून जाताय म्हणून हे मुद्दाम सांगतोय, रात्रीच्या साखरेचा तुकडा उद्या तुमच्याच हातात असणार आहे.

चीफ ऑफ स्टाफ हा तुमचा खरा माणूस. तो डॉक्टरच असतो. मेडिसिन, सर्जरी, सायकिॲट्री अशा सर्व्हिसेसचे चीफ त्याच्याखाली, तुम्ही चीफ ऑफ मेडिसिनखाली, म्हणजे तुमच्यापासून दोन पायऱ्या. तुम्हाला कुठल्या प्रोसिजर करायची परवानगी द्यायची, कोणाची काढायची, पीअर रिव्ह्यू (एका डॉक्टरचं काम दुसऱ्या डॉक्टरांनी तपासणं), मेडिकल स्कूलशी संबंध, सगळं त्याच्याकडे. बऱ्याच व्हीए हॉस्पिटलांना शेजारच्या विद्यापीठाचे रेसिडेंट येतात, ही पद्धत जनरल ओमर ब्रॅडली व्हीएचे प्रमुख असताना १९४६ पासूनची, त्यामुळे चीफ ऑफ स्टाफचा एक पाय विद्यापीठात असतो. कधीकधी दोन्ही, मग तो कॅम्पसवर सापडतो आणि हॉस्पिटलात नाही.

या खुर्चीची कसोटी एकच, आपल्याच बिरादरीतल्या माणसावर हात टाकता येतो का. आर्कान्सामधल्या फेएटव्हिलला पॅथॉलॉजीचा प्रमुख वर्षानुवर्षं नशेत काम करत होता. २०१६ मध्ये पकडला, उपचार करून परत कामावर घेतला, मग तो नेहमीच्या चाचणीत सापडणारच नाही असं रसायन प्यायला लागला, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची सहमती आहे अशा खोट्या नोंदी करत राहिला. शेवटी सुमारे ३४ हजार केसेस पुन्हा तपासल्या तेव्हा ३ हजारांहून जास्त चुका निघाल्या. लोकांना संशय नव्हता असं नाही. बोलायची सोय नव्हती. नर्सची किंवा टेक्निशियनची तक्रार तासाभरात एचआरकडे जाते आणि डॉक्टरची मात्र ‘बघू, चांगला माणूस आहे’ वर थांबते, हे व्हीएतच नाही सगळीकडे आहे, पुण्यातही बघितलंय.

नर्स एक्झिक्युटिव्ह. तरुण डॉक्टरांना वाटतं ही नर्सिंगची प्रमुख, आपला काय संबंध. हॉस्पिटलातला सगळ्यात मोठा स्टाफ तिच्या हाताखाली असतो. बेड किती उघडे हे बेड किती आहेत त्यावर नसतं, नर्स किती आहेत त्यावर असतं, म्हणजे तुमची ॲडमिशन ईआरमध्ये आठ तास पडून राहणार का हे प्रत्यक्षात ती ठरवते. चीफ ऑफ स्टाफ आणि तिचं पटत नसेल तर त्या हॉस्पिटलात जाऊ नका, डायरेक्टर कितीही गोड असो. हे मी अगदी ठामपणे सांगतो. मुलाखतीत विचारायचं कसं? ‘तुमच्याकडे डॉक्टर आणि नर्स मिळून राउंड घेतात का, शेवटचा रूट कॉज ॲनालिसिस कशावर झाला आणि त्यातून काय बदललं’ असं विचारा. रूट कॉज ॲनालिसिसला, म्हणजे चूक मुळात का झाली या तपासाला, व्हीएमध्ये ४५ दिवसांची मुदत असते, तो गोपनीय असतो म्हणून तपशील कोणी सांगणार नाही, पण काय बदललं ते सांगायला हरकत नसते. चेहऱ्यावरून कळतं. ज्यांच्याकडे खरंच काही बदललंय ते लगेच उत्साहाने सांगायला लागतात.

असिस्टंट डायरेक्टरवर वेळ घालवत नाही. असोसिएटच्या कामातला काही भाग त्याच्याकडे, आणि बहुतेकदा तो पुढच्या बढतीच्या वाटेवर असतो.

आता तुमचे दोन ॲक्टिंग. घाबरून जाऊ नका, व्हीएमध्ये ही खुर्ची खाली राहणं नेहमीचंच. डायरेक्टरची नेमणूक वॉशिंग्टनहून मंजूर होते, महिने जातात, तोवर शेजारच्या हॉस्पिटलातला असोसिएट डायरेक्टर तात्पुरता आणून बसवतात, बऱ्याचदा १२० दिवसांच्या हप्त्याने, मग मुदतवाढ, मग दुसरा. प्रश्न ॲक्टिंगचा नसतो, किती दिवसांपासून ॲक्टिंग आणि कितवा ॲक्टिंग याचा असतो. चौथा असेल तर खालच्या लोकांनी ऐकणंच बंद केलेलं असतं, आमच्याकडे म्हणतात की हाही जाईल, थांबा. तात्पुरता माणूस मोठा निर्णय घेत नाही, नवीन वॉर्ड उघडत नाही, कुणाला काढत नाही. एचआरशी भांडायला तर पक्काच माणूस लागतो.

शोधायचं कसं ते सांगतो, हे फारसं कोणी करत नाही. इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसचे हॉस्पिटलांच्या तपासणीचे अहवाल सगळे खुले असतात. तुमच्या हॉस्पिटलचं नाव टाका. काही वर्षांपूर्वीच्या अहवालांत लीडरशिपवर पहिलंच प्रकरण असायचं आणि त्यात चक्क तक्ता, कोण कोणत्या तारखेपासून खुर्चीवर आहे. त्याच्या पुढे कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेचे गुण. त्यातला एक प्रश्न मी आधी बघतो, नियम मोडताना दिसलं तर सूड उगवला जाईल या भीतीशिवाय सांगता येतं का. हा आकडा व्हीएच्या सरासरीच्या बराच खाली असेल तर फोटो कितीही हसरे असू द्या. दोन-तीन अहवाल लागोपाठचे वाचा, तीच शिफारस परत परत येत असेल तर समजा तिथे कागदी घोडेच नाचतात.

तुम्ही लिहिलंय की चीफ ऑफ स्टाफ आणि नर्स एक्झिक्युटिव्ह दोघेही पक्के आहेत. हे माझ्या दृष्टीने डायरेक्टर पक्का असण्यापेक्षा चांगलं. असोसिएट पक्का नाही याचा त्रास तुम्हाला सामानात नि दुरुस्तीत जाणवेल, वॉर्डमधल्या नर्स मॅनेजरला एकटं गाठून विचारा की गेल्या महिन्यात काय काय संपलं होतं. ती खरं सांगेल. साइट व्हिजिटला जाल तेव्हा जेवणाचा आग्रह मोडून अर्धा तास वॉर्डमध्ये काढा.

अजून एक, २०२५ चं वर्ष व्हीएला जड गेलं. जानेवारीत हायरिंग फ्रीझ, मग ८० हजार नोकऱ्या जाणार अशी चर्चा, जुलैमध्ये खात्याने सांगितलं की तेवढी कपात नाही पण निवृत्ती आणि राजीनाम्यातून आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत ३० हजारांच्या आसपास लोक कमी होतील. डॉक्टर-नर्सना फ्रीझमधून सूट होती हे खरं, पण वॉर्ड क्लार्क, शेड्युलर, स्वच्छतेची माणसं गेली की ते काम तुमच्याच अंगावर येतं. सपोर्ट स्टाफच्या किती जागा मोकळ्या आहेत हे मुलाखतीत सरळ विचारा, असोसिएट डायरेक्टरच्या खात्याचं उत्तर आहे ते, चीफ ऑफ मेडिसिनला आकडा माहीत नसला तर तेही एक उत्तरच.

कम्युनिटी केअरबद्दलही कानोसा घ्या. २०१८ च्या मिशन ॲक्टनंतर प्रायमरी केअर नि मानसिक आरोग्यासाठी २० दिवस किंवा ३० मिनिटांचा प्रवास, स्पेशालिटीला २८ दिवस किंवा ६० मिनिटं, याच्या पलीकडे गेलं की व्हेटरनला बाहेरच्या डॉक्टरकडे जायचा हक्क आहे. व्हेटरनच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण ज्या हॉस्पिटलची टीम आपल्या स्पेशालिस्टच्या जागा भरायचा नाद सोडून सगळंच बाहेर पाठवायला लागते तिथे हळूहळू कार्डिऑलॉजी जाते, मग जीआय (पोटाच्या विकारांचा विभाग), मग इनपेशंटच चालू ठेवायचं का असा विषय निघतो. हॉस्पिटलिस्टला याची झळ सगळ्यात आधी लागते. रात्री पोटात रक्तस्राव झालेला पेशंट आला तर स्कोप (एंडोस्कोपी) कोण करतं, की हेलिकॉप्टर बोलवायचं? एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.

पगाराचं. चीफ ऑफ स्टाफला फोनवर घासाघीस करून फार काही हाती लागत नाही. बेस पे ठरलेला, त्यावर मार्केट पे, तो कॉम्पेन्सेशन पॅनेल सुचवतं आणि सही डायरेक्टरची. त्यामुळे पॅनेल बसायच्या आधीच बाहेरच्या ऑफर, बोर्ड सर्टिफिकेशन, जे काही आहे ते कागदावर द्या, एकदा पॅनेल झालं की मग परत बसवणं जिकिरीचं. परफॉर्मन्स पे वर्षाला जास्तीत जास्त १५ हजार डॉलर किंवा पगाराच्या साडेसात टक्के, जे कमी असेल ते. एकूण पगार सहसा राष्ट्राध्यक्षांच्या ४ लाख डॉलरच्या वर जात नाही, हॉस्पिटलिस्टला ती भिंत तशीही लागत नाही. आणि हो, कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं, मालप्रॅक्टिसचा दावा सरकारवर होतो तुमच्यावर व्यक्तिशः नाही, या दोन गोष्टी पगाराच्या आकड्यात दिसत नाहीत पण मोजा.

शेवटी जे-१. व्हीए स्वतः सरकारी एजन्सी म्हणून वेव्हरची, म्हणजे ट्रेनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी जायच्या अटीतून सुटकेची, शिफारस करू शकते, पण आधी अमेरिकन नागरिक मिळाला नाही हे दाखवावं लागतं, त्या जाहिराती किती काळ दिल्या नि कोण आलं याची कागदपत्रं हॉस्पिटलकडे तयार आहेत का ते आजच विचारा. बदल्यात तीन वर्षं तिथेच पूर्णवेळ काम. शिवाय व्हीएमध्ये डॉक्टरला पहिली दोन वर्षं प्रोबेशन असतं, म्हणजे तुमच्या बांधीलकीची दोन वर्षं त्यातच जाणार, म्हणून तर चीफ ऑफ स्टाफ कोण आहे हे इतकं उगाळलं. डायरेक्टर ॲक्टिंग असला तरी त्याच्या सहीला पूर्ण वजन असतं, तेवढ्यासाठी पक्क्या नेमणुकीची वाट बघत बसू नका. फाइल डायरेक्टरच्या ऑफिसात नेमकी कोण हाताळतंय त्या माणसाचं नाव मात्र घ्या, आणि याआधी त्यांनी किती वेव्हर केलेत ते विचारा. पहिलाच तुमचा असेल तर इमिग्रेशन वकील स्वतःचा धरा.